गाणं खाली पडू द्यायचं नाही

क्लॅरनेट ओठांत धरायचं, बोटं चाव्यांवर ठेवायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि आत फुंकर मारायची नाही. असं तासभर उभं राहून बघा. मी राहिलोय. शिर्डीच्या रस्त्यावरच्या एका लॉनमध्ये, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, डोक्याला तुऱ्याचा फेटा अशा थाटात. पाहुणे आमचे फोटो काढत होते आणि आवाज येत होता तो आमच्या मागे ठेवलेल्या काळ्या खोक्यांतून. वाजवण्यापेक्षा न वाजवण्यानं माणूस जास्त दमतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तुमच्या कामाबद्दल दिवाळी अंकाला लिहा, असा निरोप आला तेव्हा पहिले दोन दिवस मी घाबरूनच होतो. आठवी अर्ध्यात सोडलेला माणूस मी. तशी मला सगळ्याचीच धास्ती वाटते. वरातीला निघताना क्लॅरनेटच्या पत्तीची, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या वेताच्या पातीची, डबी खिशात आहे ना, हे दहादा चाचपतो. टेम्पो वेळेवर येईल का, ओठ टिकेल का, फेटा सुटणार तर नाही, असं डोक्यात चालूच असतं. पण एका गोष्टीबद्दल मला भीती वाटली नाही, आणि तीच सांगायला बसलोय. बँडचं नाव लिहीत नाही. जाहिरात केली असं आमच्या मास्तरांना वाटायला नको.

बँड म्हणजे नवरदेवापुढे चालणारे लाल कोटवाले, एवढं सगळ्यांना माहीत असतं. आतली व्यवस्था अशी. क्लॅरनेट आणि ट्रम्पेट गाणं म्हणतात. शब्द नसतात, पण ऐकणाऱ्याच्या तोंडात आपोआप यावेत अशी ओळ काढायची. युफोनियम म्हणजे कडेवर पोर घ्यावं तसा छातीशी धरलेला मोठा भोंगा. तो खालून टेकू देतो. ढोल आणि साइड ड्रम पाय चालवतात. फुंकणाऱ्याची एकच अडचण, त्याला श्वास घ्यावा लागतो. पेटी वाजवणारा वाजवता वाजवता जांभई देईल, आम्हाला ते शक्य नाही. त्यात चालत वाजवायचं. ऊन, धूळ, फटाक्यांचा धूर, अंगावर येणारे नाचे. ओळीच्या मधेच श्वास तुटतो. तुटला की गाण्याला भोक पडतं.

म्हणून आमच्यात एक शिस्त आहे. शेजाऱ्याचा श्वास तुटला की ओळ तू उचलायची. त्याने खूण करायची नाही, तू वाट बघायची नाही. मास्तर म्हणतात, "गाणं खाली पडू द्यायचं नाही."

हे त्यांनी मला कालव्याच्या रस्त्यावर शिकवलं. ते ट्रम्पेट घेऊन पुढे, मी क्लॅरनेट घेऊन मागे. मधेच कुठेही ते थांबायचे, मी तिथूनच उचलायचं. उशीर झाला की मागे वळून रस्त्यावर बोट दाखवायचे. "ते बघ, पडलं. धूळ लागली त्याला. उचल." आणि मी खरंच खाली बघायचो.

मास्तर म्हणजे शमुवेल मास्तर. नेवाशाच्या अलीकडे त्यांचं गाव. त्यांच्या आजोबांना मिशनच्या शाळेत एका पाद्र्याने कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, शिकवलं, तेव्हापासून घरात पितळ आहे. मी भंडाऱ्याकडचा, धानाच्या मुलखातला. शाळा सुटल्यावर गावच्या एकाच्या ओळखीने शिर्डीला हॉटेलात भांडी घासायला आलो. हॉटेलच्या मागच्या दाराशी एकदा हा बँड जेवायला थांबला होता. जेवण व्हायला वेळ होता म्हणून मास्तर ट्रम्पेटवर काहीतरी घोळवत होते. ओळीच्या मधे त्यांना ठसका लागला. मी नळावर कढई घासत होतो. उरलेली ओळ मी शिट्टीवर पुरी करून टाकली. मुद्दाम नव्हे. अर्धी राहिलेली मला सोसवेना, इतकंच.

मास्तर उठून आले. "कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही जी."

सगळे हसले. त्या 'जी'ला हसले. युफोनियमवाले नाना तर ठसका लागेपर्यंत हसले. "कुठला रं तू?"

"भंडाऱ्याचा."

"भंडाऱ्याचा हाय म्हन्ल्यावर ह्याला उपाशी कसा ठिवायचा? या जी, बसा जी!" म्हणून नानांनी आपल्या ताटातली पोळी मला दिली. महिनाभरात मी मास्तरांच्या पडवीत राहायला गेलो. त्यांच्या बायकोने, मार्थाकाकूंनी, मला कधी परका धरलं नाही. इकडे भाकरीचा मुलूख. पण दर रविवारी चर्चहून आल्यावर त्या माझ्यासाठी पातेलंभर भात वेगळा लावायच्या आणि म्हणायच्या, "खा रे बाबा, तोंड उतरलंय तुझं." आई फोनवर विचारायची, "बाबू, भात भेटते का तिकडं?" मी सांगायचो, भेटते. खोटं सांगावं लागलं नाही, हे उपकार कसे फेडायचे मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं ऐकताना तुम्ही म्हणाल, मग बँड सोडला का नाही? सोडावासा वाटेल अशी कामं कमी नव्हती.

एका चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला आम्हाला उभं केलं होतं. साहेब यायचे होते. एक कार्यकर्ता मोटरसायकलवर येऊन ओरडायचा, "निघाले, साहेब निघाले!" की आम्ही स्वागताची धून सुरू करायचो. साहेब यायचे नाहीत, दुधाची गाडी यायची. त्या दुपारी आम्ही दूधवाल्याचं, उसाच्या ट्रॅक्टरचं आणि गुरांच्या डॉक्टरांचं वाजवून स्वागत केलं. डॉक्टर तेवढे थांबले, स्कूटर उभी करून त्यांनी आम्हाला हात जोडले आणि गेले. साहेब फ्लेक्सवर होते, तिथेच राहिले.

खर्ड्याकडचं लग्न त्याहून वाईट. वरात आमची ठरली होती, पण नवरदेवाच्या मित्रांनी ऐनवेळी ट्रकवर डीजे आणला. आम्ही कोट घालून कडेला उभे. मग नवरदेवाचे चुलते आले.

"ओ बँडवाले, जनरेटरमदी डिझेल भरूस्तवर वाजवा जरा. पोरं थंड पडत्यात."

मास्तरांनी एकदा चुलत्यांकडे, एकदा आमच्याकडे बघितलं आणि ट्रम्पेट उचललं. खरं सांगतो, त्या दिवशी आम्ही चांगलं वाजवलं. गावातली दोन म्हातारी माणसं पारावरून उठून जवळ आली. आणि वरची ओळ अगदी उतरणीला लागली होती तेव्हा ट्रकवरून कोणीतरी ओरडला, "झालं! बास!" आणि जनरेटर धडधडायला लागला. आमचं गाणं जिथे होतं तिथे तुटलं. म्हाताऱ्यांपैकी एकाचा हात तालावर वर उचललेला होता, तो तसाच राहिला.

परतताना जामखेड मागे पडल्यावर मास्तर टेम्पोत म्हणाले, "शिवी दिली असती तरी चाललं असतं. अर्ध्यात तोडलं."

चांगली माणसंही भेटली, नाही असं नाही. नेवाशाच्या एका म्हाताऱ्या कंपाउंडरने एकदा आम्हाला बोलावलं होतं. बायको ऑपरेशन करून दवाखान्यातून घरी यायची होती. रिक्षातून उतरल्या उतरल्या ती बाई आम्हाला बघून त्याच्यावर खेकसली, "आवो, हे काय सोंग? लोक काय म्हनतील?"

कंपाउंडर म्हणाला, "लग्नात बँड लावला न्हाई म्हनून जल्मभर बोलली. आता घे. वाजवा रं!"

बोळ इतका आखूड की वरात सुरू होताच घर आलं. म्हणून आम्ही त्यांना तोंडाशी परत नेलं आणि पुन्हा वाजवत आणलं. बाई दुसऱ्या खेपेला पदर डोक्यावर घेऊन नीट चालल्या.

पण असे कंपाउंडर तालुक्यात किती असणार? माणसं गळायला लागली. आमचा दुसरा ट्रम्पेटवाला सुप्याच्या एका कंपनीत गेटवर लागला. निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "टोपी हाय, कोट हाय, शिट्टीबी हाय. फकस्त वरातीपुढं चालायचं न्हाई." आम्ही हसलो. तो हसत नव्हता.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. वाद्यं मास्तरांची, पण ओठाला लागणारा तुकडा, माउथपीस, ज्याचा त्याचा असतो. दुसऱ्याचा कोणी ओठाला लावत नाही. काम करून आलो की सगळे माउथपीस मार्थाकाकूंकडे जातात. त्या कोमट पाण्यात धुऊन तालमीच्या खोलीच्या खिडकीत पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडतात. ज्याला बँड सोडायचा असेल त्याने आपला माउथपीस उचलून न्यायचा. बोलायचं नाही, भांडायचं नाही. सकाळी फडक्यावर जागा रिकामी दिसते आणि सगळ्यांना कळतं. त्या वर्षी मी रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ती खिडकी बघायला जायचो. नाना मला चिडवायचे, "भंडारा, कोंबड्या मोजतोय जनू."

अशात त्या लॉनचे मॅनेजर आमच्या खोलीवर आले. तरुण माणूस, बोलायला गोड. आमचे कोट त्यांनी हात लावून बघितले.

"मास्तर, तुमचा लूक एकदम कडक आहे. जुन्या काळचा फील येतो. आता लोकांना तेच पाहिजे. आमच्या लॉनवरची या हंगामातली सगळी लग्नं तुमची."

मास्तरांचा चेहरा उजळला. "कोणती गाणी बसवू सांगा. आठ दिवसांत बसवतो."

"गाणी आमच्याकडे आहेत. तुम्ही फक्त उभं राहायचं, वाजवल्यासारखं करायचं. आवाज सिस्टिमवरून येईल. म्हणजे व्हिडिओत क्लीन येतं."

ढोलवाले गुलाबभाई सगळ्यात आधी भानावर आले.

"आनि ढोल, साहेब? त्येला नुस्ता हात लागला तरी बोलतोय त्यो."

"त्याला वरून स्पंज लावू."

"मग मला बी लावा येक," गुलाबभाई म्हणाले.

मॅनेजर गेल्यावर मास्तर म्हणाले, "मी नाही म्हणालो असतो. पण माझं फुंकायचं वय सरत आलं, तुमची पोटं आहेत. तुम्ही ठरवा."

आणि हो म्हणा असं सगळ्यात जास्त कोण म्हणालं असेल, तर मी. नाना माझ्याकडे बघतच राहिले. "आरं, सूर पडला की तुझा जीव जातोय, आन् तू म्हनतो नुस्तं हुभं ऱ्हाऊ?"

"उभं राहू, नाना, पण एकत्र तर राहू. हा हंगाम रिकामा गेला तर त्या फडक्यावर काय उरेल?"

नानांना मुलाचं पुण्याला बोलावणं होतं, सोसायटीत वॉचमनची जागा होती, हे मला माहीत होतं. नाना गेले असते तर गुलाबभाई राहिले नसते. आणि ते दोघं गेल्यावर जे उरतं त्याला बँड म्हणत नाहीत. मी कुठे गेलो असतो? नळावर, कढईकडे. म्हणून मी हट्ट धरला, आणि लॉनवर जाईपर्यंत टेम्पोत प्रत्येकाला बजावत राहिलो, "कोणी फुंकर मारायची नाही हां. नुसतं धरायचं. चुकूनसुद्धा नाही."

"व्हय रं बाबा, आमी काय ल्हान पोरं हाय का?" नाना म्हणाले.

लॉनवर गेल्यावर कळलं की आम्हाला सजवायचंही आहे. सजावटीची पोरं आली आणि त्यांनी भोंग्यांच्या तोंडात झेंडू भरला. ट्रम्पेटमध्ये मूठभर, युफोनियममध्ये टोपलीभर. माझ्या क्लॅरनेटचं तोंड अरुंद, त्यात फूल राहीना, म्हणून ते तेवढं सुटलं. मॅनेजरांनी मला जवळ येऊन सांगितलं, "तुम्ही गाल फुगवा. व्हिडिओत जोर दिसला पाहिजे." क्लॅरनेटवाला गाल फुगवत नाही, फुगवले तर सूर फाटतो. पण सूर काढायचाच नव्हता. फुगवले.

नाना आपल्या भोंग्यातल्या फुलांकडे बघत हळूच म्हणाले, "मयताला बी अशीच घालत्यात."

सुरू झालं. पाहुणे येत होते, खोकी वाजत होती, आम्ही डुलत होतो. गुलाबभाई स्पंजावर टिपऱ्या मारत होते, त्याचा आवाज उशी झटकल्यासारखा यायचा. मास्तर ट्रम्पेट ओठाला लावून समोर कुठेतरी लांब बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी बोटांकडे बघत राहिलो. आणि माझ्या लक्षात आलं, बोटं खोटं करत नव्हती. जे गाणं वाजत होतं त्याच्याच चाव्यांवर ती बरोबर पडत होती. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की आज नाटक आहे. वाजवायला म्हणून नव्हे, सवयीनं मी पत्तीसुद्धा ओली करून घेतली होती.

मग नवरी निघाली. फाटकापासून स्टेजपर्यंत लांबलचक गालिचा. तिच्यासाठी गाण्याचा एक खास तुकडा काढून ठेवला होता. पण व्हिडिओसाठी कापलेला तुकडा तो, आखूड. नवरीचा घागरा जड. ती सावकाश, एकेक पाऊल बघून टाकत होती. ती अर्ध्यावर आली आणि तुकडा संपला. संपला म्हणजे ओळीच्या मधेच कापलेला होता, तिथे तुटला. सिस्टिमवरचा माणूस पुढचं शोधायला वाकला. एवढ्या मोठ्या लॉनवर एकदम शांतता झाली. नवरी थांबली. तिने मान वर करून इकडेतिकडे बघितलं. पाय उचलावा की नको, तिला समजेना.

पुढचं मी ठरवलं नाही. टेम्पोत सगळ्यांना दटावत आलेला मी. पण शेजाऱ्याचा श्वास तुटला होता. तो शेजारी एक काळं खोकं होतं, हे माझ्या छातीला कोण सांगणार? ओळ जिथे तुटली तिथून मी उचलली.

एक सूर एकटा गेला. दुसऱ्या सुराला नानांनी खालून टेकू दिला, आणि युफोनियममधून टोपलीभर झेंडू उडाला. पुढे बसलेल्या मामा मंडळींच्या फेट्यांवर, मांड्यांवर फुलंच फुलं. मास्तरांच्या ट्रम्पेटमधली मूठभर फुलंही पाठोपाठ सुटली. गुलाबभाईंनी ढोलावरचा स्पंज हिसकून गालिच्यावर फेकला आणि पहिला ठोका असा दिला की कॅमेरावाला दचकून मागे सरकला. नवरी चालायला लागली. ठोक्यावर पाऊल टाकत चालली. एवढंच सांगतो, बाकी टाळ्या वगैरे काही झालं नाही. काही जण हसले, काहींनी मोबाईल वर केले, बऱ्याच जणांना वाटलं हे असंच ठरलेलं असेल.

तेवढ्यात सिस्टिमवाल्याला पुढचं गाणं सापडलं. ते भिंतीसारखं आमच्यावर कोसळलं. मॅनेजर लांबून दोन्ही हात हलवत होते, थांबा, थांबा. आमच्या ओळीचा शेवट बाकी होता. मी मास्तरांकडे बघितलं. खर्ड्यासारखे ते आता थांबतील असं मला वाटलं. त्यांनी ट्रम्पेट आणखी वर केलं. आमचं आम्हालाही ऐकू येत नव्हतं. तरी ओळ शेवटपर्यंत नेली, नीट ठेवली, आणि मगच वाद्यं खाली घेतली.

लग्न लागल्यावर मॅनेजरांनी आम्हाला स्वयंपाकघराच्या मागे बोलावलं. आवाज चढवला नाही त्यांनी, ते मला जास्त जड गेलं.

"तुम्हाला वाजवायला कोणी सांगितलं होतं?"

मॅनेजरांनी एकेकाकडे बघितलं.

"पाहुण्यांच्या कपड्यांवर फुलं, व्हिडिओत दोन दोन गाणी. हे बघा, मला तुमचं नुकसान करायचं नाही. आता लग्नाच्या पार्टीसमोर चला, चूक झाली म्हणा, आणि पुन्हा होणार नाही एवढा शब्द मला द्या. हंगाम तुमचाच आहे. पहिलं कोणी वाजवलं?"

"मी जी," मी म्हणालो.

"मग तुम्हीच द्या शब्द."

मास्तर माझ्याकडे बघत होते. नाना, गुलाबभाई, सगळेच. मला खिडकीतलं फडकं दिसत होतं. माफी म्हणजे दोन वाक्यं. आयुष्यात मी कितीतरी वेळा, चूक नसताना मागितली आहे. पण शब्द द्यायचा म्हणजे तो पाळता आला पाहिजे.

"साहेब," मी म्हणालो, "फुलांबद्दल माफी मागतो. मामांचे फेटे मी स्वतः झटकून देतो. पण पुन्हा गाणं मधे तुटलं तर पुन्हा वाजणार. तेव्हा मी थांबलो तर नाना वाजवतील. नाना थांबले तर मास्तर. तो शब्द तुम्हाला आमच्यातला कोणीच देऊ शकत नाही."

मॅनेजर म्हणाले, "मग मला दुसरी माणसं बघावी लागतील. उभं राहायला कोणीही मिळतं."

"ते खरंय," मास्तर म्हणाले. "उभं राहायला कोणीही मिळतं." आणि त्यांनी ट्रम्पेट उलटं करून उरलेला झेंडू तिथल्या बादलीत झटकला.

टेम्पोने परत निघालो. माझा धीर लॉनच्या फाटकाशीच संपला होता. हंगाम मी घालवला होता. हट्ट धरून मीच आणलेलं काम, मीच घालवलं. नाना खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसले होते. घरी आल्यावर सगळ्यांनी माउथपीस काकूंच्या हातात दिले आणि जो तो आपल्या वाटेने गेला. मी भात खाल्ला नाही. काकूंनी झाकून ठेवला.

सकाळी खिडकीशी गेलो. फडकं पांढरंशुभ्र. मास्तरांचा होता, माझा होता, बाकीच्यांचे होते. कडेला सगळ्यात मोठा असतो तो, नानांचा, तो नव्हता.

मी तिथेच पायरीवर बसलो. नानांवर राग नव्हता. त्यांनी मला पहिली पोळी दिली होती. पुण्याला सावलीत खुर्ची मिळेल, गुडघे दुखतात त्यांचे, बरंच झालं, असं मनाला समजावत होतो आणि मन ऐकत नव्हतं.

तेवढ्यात खोलीच्या मागून आवाज आला. म्हैस हंबरावी तसा, फाटका. मग पुन्हा. मी मागे गेलो. नाना लिंबाखाली युफोनियम मांडीवर घेऊन बसले होते. हातात काकूंची केसातली पिन. भोंग्याच्या नळ्या काढून ठेवलेल्या, आणि पायाशी झेंडूच्या ओल्या पाकळ्यांचा लहानसा ढीग.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय रं, कोंबडी कमी पडली का?"

मी पाकळ्यांच्या ढिगाशी उकिडवा बसलो.

"त्या भाड्यांनी पार आतवर कोंबलीत फुलं. काल घरी गेल्तो, झोपच लागंना. म्हन्लं पितळात ओल ऱ्हायली तर सडंल समदं." त्यांनी नळी बसवली, माउथपीस ओठाला लावला आणि जोरात फुंकलं. एक पाकळी उडून माझ्या पायाशी पडली. "ही बघ. आजून निघत्यात."

"नाना, पुण्याला..."

"पोराला सांगितलं, न्हाई येत. त्यानं इचारलं, का? मी म्हन्लं, आरं, वॉचमनला बी नुस्तं हुभंच ऱ्हायाचं आसतंय. त्ये मी कालच करून बघितलं. न्हाई जमलं." मग त्यांनी डोळे वटारले. "तुझा कुठंय? जा की! का मी येकट्यानंच दम काढू?"

त्यांनी कालचीच ओळ लावली. युफोनियमवर ती जड चालते, मधे श्वास तुटणार हे मला ठाऊक होतं. मी पळत खिडकीशी गेलो, माझा तुकडा घेतला, क्लॅरनेट जोडता जोडता परत आलो. नानांचा श्वास तुटायला आणि मी पोचायला एकच गाठ पडली. गुलाबभाई खोलीत कधी आले होते कोण जाणे, आतून ढोल बोलला. स्पंज काढल्यापासून तो जरा मोकळाच वाजतो, असं ते अजून म्हणतात.

त्या लॉनवर आता दुसरी माणसं उभी असतात. कोट आमच्यापेक्षा भारी आहेत. आम्हाला कमी कामं मिळतात, लांबची मिळतात, कधी फार वाईटही मिळतात. खिडकी मी अजूनही रोज बघतो, ती सवय जायची नाही. पण काम घेताना मास्तर आता मलाच पुढे करतात, आणि मी यजमानांना एकच अट सांगतो. सांगायच्या आधी खिशातली डबी चाचपतो, पण सांगतो. कधी सुरू करायचं ते तुम्ही सांगा. थांबायचं कधी, ते ओळ सांगेल.

गेल्याच लग्नसराईत पुन्हा एकांनी जनरेटरमध्ये डिझेल भरेपर्यंत वाजवायला सांगितलं. वाजवलं. डिझेल भरून झालं, ट्रकवरून "बास" आलं, स्पीकरची भिंत धडधडायला लागली. आमची ओळ बाकी होती. ती संपवूनच आम्ही वाद्यं खाली घेतली.